सादरीकरण आणि पुरावा : ठाकर कलापरंपरेच्या संदर्भात आदिवासी ओळखीच्या दाव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

मालवण आणि कुडाळ यांना जोडणाऱ्या मार्गावर धामापूर हे गाव आहे. सोळाव्या शतकातील तलाव आणि त्याच्या काठी असलेले श्री भगवती देवीचे मंदिर यांमुळे ते सर्वपरिचित आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन रचनेचा दर्जा दिला. या मार्गाच्या एका टोकाला मालवण हे भारतीय समाजशास्त्राचे एक प्रवर्तक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे जन्मगाव (१८९३). दुसऱ्या टोकाला, कुडाळलगत, पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि बाहुल्यांच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेले गाव. घुर्ये यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘आदिवासी’ या कोटीलाच आक्षेप घेतला आणि या समूहांना मागासलेले हिंदू मानावे, असा पक्ष मांडला. पिंगुळीत मात्र ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या नावाचे संग्रहालय उभे आहे. ते चालविणाऱ्या कुटुंबातील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. सिद्धान्त आणि समाजाची स्वतःविषयीची धारणा यांतील हे अंतर केवळ वैचारिक नाही. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी आणि जमात वैधता प्रमाणपत्र यांच्याशी ते थेट जोडलेले आहे.

सिंधुदुर्गातील ठाकर समाज आदिवासी आहे किंवा नाही, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. तो अधिकार संविधानाने ठरवून दिलेल्या यंत्रणेचा आहे. येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न मर्यादित स्वरूपाचा आहे : एखाद्या समूहाची कला, वेश, वाद्य आणि विधी यांचे सादरीकरण हे त्या समूहाशी असलेल्या नात्याचा पुरावा ठरू शकते काय? आणि ठरत असेल, तर कोणत्या अर्थाने?

एक नाव, दोन याद्या

‘ठाकूर’ आणि ‘ठाकर’ ही नामे महाराष्ट्रात अनेक अर्थांनी वावरतात. ठाकूर हे सह्याद्रीतील जमातीचे नाव आहे. ते जमीनदार व क्षत्रिय घराण्यांची पदवी आहे आणि अनेक बिगर आदिवासी कुटुंबांचे आडनावही आहे. नामसाधर्म्याचा हा गुंता प्रशासनाने आरंभी प्रदेशाच्या आधारे सोडवू पाहिला. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या सुधारित यादीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर या जमातीला अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. तत्कालीन रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचाही प्रदेश, त्या मर्यादेबाहेर राहिला. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने ही क्षेत्रमर्यादा उठवली. २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला आणि महाराष्ट्राच्या यादीतील ४४ व्या क्रमांकाची ही नोंद संपूर्ण राज्याला लागू झाली.

याच काळात राज्य शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीतही ‘ठाकर’ हे नाव होते आणि ‘चित्रकथी’ ही स्वतंत्र नोंदही होती. परिणामी एकच नाव दोन याद्यांत आले. राज्यातील आरक्षणाच्या रचनेत अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के, तर भटक्या जमाती (ब) या प्रवर्गासाठी २.५ टक्के जागा आहेत. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबाने कोणत्या दाराशी उभे राहावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ अस्मितेचा राहिला नाही.

क्षेत्रमर्यादा उठल्यानंतर राज्यात अनुसूचित जमातीच्या दाव्यांची संख्या वाढली आणि नामसाधर्म्याचा लाभ घेणारे खोटे दावेही पुढे आले, हे नाकारता येत नाही. महादेव कोळी, हलबा आणि ठाकूर या नावांभोवतीचे खटले या काळाचेच अपत्य आहेत. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्या आणि दक्षता पथके यांची कार्यपद्धती आखून दिली. २००० च्या मिलिंद प्रकरणात ‘हलबा कोष्टी’ ही नोंद ‘हलबा’ या नोंदीत वाचता येणार नाही आणि राष्ट्रपतींच्या आदेशात संसदेखेरीज कोणालाही बदल करता येणार नाही, असे स्पष्ट झाले. २००१ मध्ये राज्याचा जात पडताळणी अधिनियम अमलात आला. २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात अवैध दाखल्यावर मिळवलेली नोकरी वा पदवी यांना संरक्षण देता येत नाही, असा निर्णय झाला. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा निर्णय घेतला. प्राध्यापक वर्गालाही याची झळ पोहोचली. दाव्यांची चिकित्सा आवश्यक आहे, याबद्दल त्यामुळे दुमत असण्याचे कारण नाही. खोटा दावा मान्य झाला तर ती जागा एका खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याच्या वाट्यातून जाते. वाद आहे तो चिकित्सेच्या साधनाविषयी.

आप्तभाव चाचणी आणि तिची गृहीतके

तपासणीच्या कार्यपद्धतीत दक्षता पथकाने कुटुंबाच्या चालीरीती, देवदेवता, विवाहविधी, अंत्यविधी, बोली आणि लोककला यांची माहिती घेऊन ती मूळ जमातीच्या वैशिष्ट्यांशी ताडून पाहण्याची तरतूद आहे. हीच आप्तभाव चाचणी. ‘मूळ’ वैशिष्ट्यांची माहिती येते ती मुख्यतः वसाहतकालीन गॅझेटियर, एन्थोव्हेन यांचे जातिजमातींवरील खंड आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकूरांवरील १९६० चा ग्रंथ यांसारख्या लेखनातून.

येथे पहिली अडचण उपस्थित होते. चापेकरांचा ग्रंथ, त्याच्या शीर्षकातच म्हटल्याप्रमाणे, सह्याद्रीतील ठाकूरांविषयी आहे. तळकोकणातील ठाकरांची जीवनपद्धती वेगळ्या परिस्थितीत घडली. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने हा समाज देवळांतून आणि गावोगावी कथा सांगत फिरला. १८८० च्या गॅझेटियरमधील रत्नागिरी–सावंतवाडी खंडातही ठाकरांची नोंद आहे. पावसाळ्याबाहेरच्या दिवसांत ते पौराणिक कथा गातात व प्रेक्षकांना चित्रे दाखवतात, असा तिचा आशय आहे. नोंदीचा सूर तुच्छतेचा आहे. तरीही कला आणि समाज यांचा संबंध तिने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लेखी नोंदवून ठेवला, हे तिचे मूल्य मान्य करावे लागते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. १९६५ च्या लोकूर समितीने अनुसूचित जमात ओळखण्यासाठी पाच निकष मानले : आदिम लक्षणे, स्वतंत्र संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतर समाजाशी संपर्काबाबतचा संकोच आणि मागासलेपणा. ज्या समाजाची उपजीविकाच इतरांसमोर उभे राहून कथा सांगण्यावर अवलंबून होती, त्याच्याकडून संपर्कसंकोचाची अपेक्षा कशी करावयाची? चित्रकथीच्या पोथ्यांतील आख्याने रामायण-महाभारतातील आहेत. कागदाची चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने एकेक चित्र पुढे सरकते, तशी कथा पुढे जाते. ज्या परंपरेला आज ‘आदिवासी कला’ म्हणून गौरविले जाते, तिचा आशय पौराणिक आहे. आदिम लक्षणांचा शोध घेणारा अधिकारी याच आशयाकडे बोट दाखवून दावा अमान्य करू शकेल. तीच कला व्यासपीठावर आदिवासीपणाची खूण ठरते आणि तपासणीत आदिवासी नसल्याचीही खूण ठरू शकते.

याचा अर्थ कलेकडून जे सिद्ध होऊ शकत नाही, त्याची अपेक्षा दोन्हीकडून केली जात आहे. बाहेरून दिलेली नावे किती सैलपणे चिकटतात, याचे उदाहरण चित्रकथीच्याच इतिहासात आहे. या शैलीतील जुनी चित्रे पैठण येथे संग्राहकांच्या हाती लागली म्हणून कलाभ्यासात तिला दीर्घकाळ ‘पैठण चित्रे’ असे संबोधले गेले. चित्रे जपणारी आणि दाखवणारी कुटुंबे मात्र पिंगुळीत होती. नाव संग्राहकाच्या मार्गावरून पडले.

न्यायालयांनाही या चाचणीच्या मर्यादा जाणवल्या आहेत. नोव्हेंबर २०११ च्या आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक मूल्य दिले. स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे परंपरागत वैशिष्ट्ये लोप पावू शकतात, असेही त्यात नमूद केले. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महा आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात हाच विचार दृढ केला. आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती अनिवार्यही नाही, असे पीठाने म्हटले. कागदोपत्री पुराव्याने समितीचे समाधान न झाल्यासच दक्षता पथकाकडे चौकशी सोपवावी, असेही त्यात स्पष्ट केले.

वेश आणि वंश : व्हरमाँटमधील वाद

सादरीकरणातून ओळखीचा दावा उभा राहण्याचा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातील अबेनाकी वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे अठराव्या शतकातील लोकजीवन वेश, हत्यारे आणि तळ यांसह पुन्हा उभे करणाऱ्या हौशी मंडळांची परंपरा आहे. अशा पुनर्दर्शनांसाठी परिचित असलेल्या एल्नू गटासह चार गटांना व्हरमाँट राज्याने २०११ आणि २०१२ मध्ये अबेनाकी जमाती म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी मिसिस्क्वोई गटाचा अर्ज संघीय शासनाने २००७ मध्ये फेटाळला होता. ऐतिहासिक अबेनाकी समूहाशी वंशसंबंध दाखवू शकणाऱ्या सभासदांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याचे त्या निर्णयात नमूद आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ओडानाक आणि वोलिनाक येथील अबेनाकी समाजाने या मान्यतेवर तीव्र आक्षेप घेतला आहे. २०२२ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील कार्यक्रमात ओडानाकच्या प्रतिनिधींनी तो जाहीरपणे मांडला. व्हरमाँटमधील गटांचे उत्तर असे की, छळाच्या भीतीने पूर्वजांनी आपली ओळख लपवली आणि म्हणून कागदोपत्री खुणा उरल्या नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही.

या वादातून एक गोष्ट स्पष्ट होते. हातांनी शिवलेला अस्सल वेश, अचूक बनावटीचे हत्यार आणि परिश्रमपूर्वक शिकलेली भाषा ही सर्व अभ्यासाने संपादन करता येतात. त्यांतून अभ्यास सिद्ध होतो, आदरही सिद्ध होऊ शकतो. नाते मात्र सिद्ध होत नाही. ओडानाकचा प्रश्न ‘तुमचे पूर्वज कोण आणि आमच्यापैकी कोण तुम्हाला ओळखतो?’ असा आहे. उत्तम पुनर्दर्शन करणाऱ्यालाही त्या प्रश्नाला वेशातून उत्तर देता येत नाही.

दोन्ही प्रसंगांतील फरकही लक्षात घेतला पाहिजे. पिंगुळीतील ठाकर कलावंत हे पुनर्दर्शन करणारे हौशी लोक नाहीत. त्यांच्या घरात पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या आल्या आहेत. व्हरमाँटची तुलना त्यांच्याशी करणे अन्यायाचे ठरेल. ती करावयाची असेल तर आपल्याकडील हौशी सादरीकरणाशी आणि सादरीकरणावर भिस्त ठेवणाऱ्या तपासणीशी करावी लागेल. पहिल्यात वेश चढवला म्हणजे माणूस आदिवासी दिसतो. दुसरीत वेश, गाणे वा विधी सांगता आला नाही म्हणजे माणूस आदिवासी उरत नाही. संस्कृती ही पोशाखासारखी अंगावर दाखवता येणारी वस्तू आहे, हे गृहीतक दोहोंत समान आहे.

महाविद्यालयीन व्यासपीठ आणि अभ्यासकांचे दायित्व

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि युवक महोत्सवांत ‘आदिवासी नृत्य’ हा हमखास टाळ्या मिळवणारा प्रकार असतो. पाने, पिसे, चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि ढोलाचा ताल यांतून एक सर्वसाधारण आदिवासी उभा केला जातो. तो वारली नसतो, कातकरी नसतो, ठाकरही नसतो. सादर करणारे विद्यार्थी आदिवासी असल्याचा दावा करीत नाहीत, म्हणून हे निरुपद्रवी मानले जाते. परंतु अशा सादरीकरणातून प्रेक्षकांच्या मनात आदिवासी कसा दिसतो याची एक प्रतिमा पक्की होते. त्याच सभागृहात बसलेला, पॅन्ट-शर्ट घातलेला, हुडूक कधीही हाती न धरलेला ठाकर विद्यार्थी त्या प्रतिमेत बसत नाही. पुढे वैधता प्रमाणपत्राच्या चौकशीत त्याला पारंपरिक गाणी, देव आणि विधी विचारले जातात, तेव्हा त्याच प्रतिमेची सावली त्या प्रश्नांवर पडलेली असते.

अभ्यासकांचे दायित्व याहून थेट आहे. लोककलांवरील मराठी लेखनात ‘ठाकर आदिवासी’, ‘ठाकर ही भटकी जमात’ आणि ‘चित्रकथी समाज’ ही पदे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. लेखकाला ती समानार्थी वाटत असतील. प्रशासनाच्या दृष्टीने ती तीन वेगळी पदे आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. एन्थोव्हेन यांच्या पानांप्रमाणेच आजचा शोधनिबंध उद्या एखाद्या फाइलमध्ये आधार म्हणून जोडला जाऊ शकतो, दाव्याच्या बाजूने किंवा विरुद्धही. कला वर्णन करताना समाजाला कोणते नाव दिले आणि ते कोणाच्या सांगण्यावरून दिले, हे नोंदवणे म्हणूनच पद्धतिशास्त्राचा किमान नियम ठरतो.

सादरीकरण केव्हा पुरावा ठरते?

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. कागदपत्रांना प्राधान्य दिले तर ज्यांचे आयुष्य फिरण्यात गेले, ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि ज्यांच्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नाहीत, त्या कुटुंबांनी काय दाखवावे? शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली दप्तर यांत स्थिर कुटुंबांच्या खुणा जास्त सापडतात. तळकोकणात यात आणखी भर पडते. मालवण ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. दप्तरे या स्थित्यंतरांतून विभागली गेली. शिवाय गावकामगार ‘ठाकर’ लिहील, ‘ठाकूर’ लिहील की नुसते ‘हिंदू’ लिहील, हे त्याच्या मर्जीवर होते. अशा स्थितीत कला हाच ज्यांचा दस्तऐवज आहे, त्यांच्याकडून तोही काढून घ्यावा काय?

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर भेद करण्यात आहे. सादरीकरणात दोन गोष्टी एकत्र असतात. एक कौशल्य : चित्र रंगवणे, बाहुली नाचवणे, आख्यान म्हणणे. हे कोणालाही शिकता येते, आणि शिकले जावे अशीच अपेक्षा आहे. पिंगुळीतील कलावंतांनी इतरांना दिलेले प्रशिक्षण हे स्वागतार्हच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे संबंध : पोथी कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या देवळात कोणत्या घराण्याने सेवा केली, गावाने कोणाचा मान स्वीकारला, सोयरीक कोणाशी झाली. कौशल्याची चाचणी घेतली तर हौशी कलाकार उत्तीर्ण होईल आणि मुंबईत गिरणीत काम केलेल्या ठाकराचा नातू अनुत्तीर्ण होईल. संबंधांची विचारणा केली तर चित्र उलटे होण्याची शक्यता आहे. नातवाला हुडूक वाजवता येत नसला तरी त्याच्या आजोबांची पोथी आज कोणाच्या घरी आहे, हे भावकी सांगू शकते.

धामापूरच्या तलावाशी तुलना येथे उपयोगी आहे. त्याचा वारसादर्जा त्याच्या देखाव्यावर अवलंबून नाही. तो कोणी बांधला, त्याच्या पाण्यावर कोण अवलंबून राहिले आणि तो आजही वापरात आहे काय, या गोष्टी त्यामागे आहेत. समूहाच्या ओळखीची चौकशीही याच दिशेने व्हावयास हवी.

तथापि संबंधांची विचारणाही सर्व प्रश्न सोडवत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तिच्यातून एखादे कुटुंब सिंधुदुर्गातील ठाकर समाजाचे आहे, एवढे सिद्ध होईल. हा समाज आणि कर्जत-मुरबाडचा ठाकूर समाज यांचे नाते कोणते, आणि दोन याद्यांतील ‘ठाकर’ ही नोंद कोणाला उद्देशून आहे, हे त्यातून ठरत नाही. तो प्रश्न यादी करणाऱ्यांचा आहे. संसदेने आणि राज्य शासनाने तो अभ्यासपूर्वक सोडवावयाचा आहे. आज मात्र त्याचे उत्तर बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाकडे, प्रवेशाच्या अंतिम मुदतीपूर्वी मागितले जाते. व्यवस्थेतील संदिग्धतेचा भार व्यक्तीवर टाकण्याचा हा प्रकार आहे.

निष्कर्ष

आदिवासी ओळखीचे दावे प्रश्नांच्या पलीकडचे नाहीत. खोट्या दाव्यांची किंमत अखेर आदिवासींनाच मोजावी लागते, हे व्हरमाँट आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी दिसून येते. परंतु प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला नाही तर चिकित्सा स्वतःच अन्यायाचे साधन बनते. वेश, वाद्य आणि विधी यांचे ज्ञान असणे हे नात्याचा पुरावा नाही. ते ज्ञान नसणे हा नाते नसल्याचाही पुरावा नाही. ही दोन विधाने एकत्र मान्य करावी लागतात. हौशी सादरीकरणाच्या बाबतीत पहिले सांगावयाचे आणि तपासणीच्या बाबतीत दुसरे विसरावयाचे, ही विसंगती टिकणारी नाही.

महाविद्यालयांच्या पातळीवर यातून तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ‘आदिवासी नृत्य’ या नावाखाली जे सादर होते, ते कोणत्या जमातीचे व कोणाकडून शिकलेले, हे जाहीर करण्याचा पायंडा पाडावा. लोककलांवरील संशोधनात समाजाचे नाव, त्याची प्रशासकीय वर्गवारी आणि त्याची स्वतःविषयीची धारणा या तीन बाबी वेगळ्या नोंदवाव्यात. आणि कलावंत घराण्यांच्या पोथ्या, वंशावळी व देवस्थानांशी असलेले करारमदार यांचे दस्तऐवजीकरण संबंधित कुटुंबांच्या संमतीने हाती घ्यावे. यांतील तिसरे काम सर्वांत निकडीचे आहे. ज्या वृद्धांना हे संबंध तोंडपाठ आहेत, त्यांच्या पश्चात ते सांगणारे कोणी उरणार नाही आणि पुढील पिढीच्या हाती केवळ रंगमंचावरील वेश राहील.